कान शाबूत, तरी ऐकणे अवघड

श्रवण-प्रक्रिया विकार म्हणजे कानाने पकडलेल्या आवाजाचा मेंदूत नीट उलगडा न होणे. दवाखान्यांत तो 'ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' किंवा नुसता 'एपीडी' या नावाने ओळखला जातो. अशा मुलाच्या कानाचा पडदा, त्यामागची तीन हाडे, शंखासारखी वळलेली कॉक्लिया, सगळे धडधाकट असते. श्रवणतपासणीच्या आलेखात काही वावगे दिसत नाही. दुपारच्या शांत घरात आजीने सांगितलेली गोष्ट त्याला शब्दन् शब्द कळते. तीच आजी मिक्सर चालू असताना ओट्यापाशी उभी राहून 'ताट घे' म्हणाली, तर ते पाट घेऊन येते, नाहीतर 'काय?' म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहते.

सकाळी ऐकू आले, मग संध्याकाळी का नाही, असे मोठ्यांना वाटते आणि मग शेरे सुरू होतात. मूल कानाडोळा करते, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देते, पालथ्या घड्यावर पाणी. पण ऐकण्यातली ही धरसोड हेच या विकाराचे मुख्य लक्षण आहे. आवाज स्वच्छ असला की मेंदू कसेबसे निभावून नेतो. त्यात गोंगाट, घुमारा किंवा बोलणाऱ्याची घाई मिसळली की त्याची ओढाताण होते. म्हणून मदतीतले पहिले काम मुलापर्यंत पोचणारा आवाज स्वच्छ करण्याचे आहे. सराव, यंत्रे आणि संगणकावरचे खेळ त्यानंतरचे. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा लागतो आणि पैसा व वेळ दोन्ही वाया जातात.

कॉक्लियातून निघालेला संदेश श्रवणचेतेवाटे मस्तिष्कस्तंभात शिरतो आणि तिथून अनेक टप्पे घेत दोन्ही बाजूंच्या शंखखंडांतील श्रवणक्षेत्रापर्यंत चढतो. प्रत्येक टप्प्यावर आवाजाचा काही ना काही हिशेब होतो. पहिला हिशेब दिशेचा. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका. एवढ्याशा फरकावरून मेंदू आवाजाची जागा ताडतो आणि हव्या त्या माणसाचे बोलणे बाकीच्या गलक्यातून वेगळे काढतो. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असतानाही शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी गप्पा मारता येतात, त्या बऱ्याच अंशी यामुळे.

दुसरा हिशेब वेळेचा, आणि मराठी कानाला तो फार बारकाईने ठेवावा लागतो. कार, खार, गार, घार हे चार शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. चारही वेळा जिभेचा मागचा भाग टाळूला टेकून सुटतो. 'कार' म्हणताना जीभ सुटल्याबरोबर जवळजवळ लगेच स्वरतंतू कंप पावू लागतात. 'खार' म्हणताना मध्ये हवेचा झोत येतो आणि कंप थोडा उशिरा सुरू होतो. 'गार'मध्ये तो जीभ सुटण्याच्या आधीच सुरू झालेला असतो. हे सगळे फरक सेकंदाच्या काही शतांशांचे आहेत. ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी १९६४ मध्ये ११ भाषांतली अशी व्यंजने मोजली, त्यांत मराठीही होती. 'ग' आणि 'घ' यांच्यातला भेद नुसत्या वेळेच्या मापाने सुटत नाही, हेही त्यांना आढळले. तिथे श्वासाचा घोगरेपणाही ओळखावा लागतो. इंग्रजीत या जागी दोनच व्यंजने आहेत, मराठीत चार. ज्या मुलाच्या मेंदूत वेळेचा हिशेब ढिला आहे त्याला खार आणि कार यांतला फरक ओझरता जाणवतो आणि संदर्भ नसेल तर जाणवतही नाही.

तिसरे काम दोन्ही कानांत एकाच वेळी वेगळे काही आले तर दोन्ही सांभाळण्याचे. डाव्या कानाचा संदेश मुख्यतः उजव्या मेंदूत जातो आणि शब्द म्हणून त्याचा अर्थ लागण्यासाठी बहुतेक माणसांत त्याला दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या जाड चेतातंतूंच्या पुलावरून डावीकडे यावे लागते. हा पूल बालपणभर पक्का होत असतो. त्यामुळे लहान मुलांत उजवा कान सरस ठरतो आणि वयाबरोबर डावा त्याला गाठत जातो. डोरीन किमुरा या कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९६१ मध्ये दोन कानांत वेगवेगळे अंक ऐकवून उजव्या कानाचे हे वरचढपण दाखवले. आजही तपासणीत तोच प्रयोग वापरतात.

याखेरीज गळालेले अक्षर अंदाजाने भरून काढणे, आवाजाची चढउतार ओळखणे आणि ऐकलेला क्रम ध्यानात धरणे अशी कामे आहेत. एखाद्या मुलाचे यांतले एकच काम कच्चे असते, एखाद्याची दोन-तीन. म्हणून एपीडी असलेली दोन मुले एकसारखी नसतात आणि शेजारच्या मुलाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

या विकाराचा माग मोठ्या माणसांच्या आजारपणातून लागला. १९५४ मध्ये इटलीत एत्तोरे बोक्का आणि कार्लो कालेआरो यांनी शंखखंडात गाठ असलेल्या रोग्यांना मुद्दाम अस्पष्ट केलेले शब्द ऐकवले. साध्या श्रवणतपासणीत हे रोगी उत्तीर्ण होत होते, पण गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने अस्पष्ट शब्द ओळखताना अडखळत होते. त्याच वर्षी अमेरिकेत हेल्मर मायकलबस्ट यांनी मुलांच्या श्रवणदोषांवरच्या ग्रंथात कानापलीकडच्या दोषांकडे लक्ष वेधले. मुलांच्या बाबतीत गाठ वगैरे क्वचितच असते. काहींचा जन्म दिवस भरण्याआधीचा असतो, काहींच्या कानात पहिल्या दोन-तीन वर्षांत वारंवार पाणी साठलेले असते, काहींच्या घरात आधीच्या पिढीतही तशीच तक्रार असते. बहुतेकांत नेमके कारण सापडत नाही, आणि आईवडिलांनी त्यासाठी स्वतःला दोष द्यावा असे त्यात काही नसते.

हा त्रास प्रथम उघडा पडतो तो शाळेत. घरात चार माणसे, ओळखीचे आवाज, ठरलेली वाक्ये. तिथे अंदाजाने भागते. वर्गात पन्नास मुले, अनोळखी शब्द आणि पाठ फिरवून फळ्यावर लिहिता लिहिता बोलणाऱ्या बाई. श्रुतलेखनात 'धार'चे 'दार' होते, जोडाक्षर अर्धे गळते. 'वही काढा, पान चाळीस उघडा आणि तिसरा प्रश्न लिहा' या सूचनेतले पहिले तेवढे पार पडते. मग मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि कॉपी करतो म्हणून बोलणी खाते. मराठी संख्यांची नावे तर त्याची परीक्षाच पाहतात. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सदतीस आणि सत्तेचाळीस यांतला दशकाचा फरक शब्दाच्या शेपटीत असतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज नेमका तिथेच उतरतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला. भाषेच्या अंगाने त्यावर कोणाचे काही मत असो, ऐकण्यात कच्च्या असलेल्या मुलाला 'वीस सात'मध्ये दशक आधी आणि स्वतंत्र ऐकू येतो. अशा मुलापुरते दोन्ही रूपे एकामागोमाग म्हणण्यात नुकसान काही नाही.

दिवस संपेपर्यंत हे मूल थकून जाते. इतर मुले जे फुकट ऐकतात ते त्याला प्रयत्नाने जुळवावे लागते. शाळेतून आल्यावर चिडचिड, दार लावून एकटे बसणे, वाढदिवसाच्या कार्यक्रमात कानांवर हात ठेवणे, यांचा उगम पुष्कळदा या थकव्यात असतो.

मात्र ही सारी लक्षणे दुसऱ्या कशाचीही असू शकतात. म्हणून तपासणीचा क्रम चुकता कामा नये. पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावा. पावसाळ्यातल्या लांबलेल्या सर्दीने कानात साठलेले पाणी किंवा घट्ट झालेला मळ हेच कारण निघाले, तर पुढचे सगळे टळते. मग बंद खोलीतली पूर्ण श्रवणतपासणी. कॉक्लिया ठीक पण श्रवणचेतेचा ताल बिघडलेला, असा एक वेगळा आजार असतो. तो डोक्याला इलेक्ट्रोड लावून होणाऱ्या मस्तिष्कस्तंभाच्या चाचणीत दिसतो, आणि त्याचा उपचार निराळा आहे. त्यानंतर अवधानदोष, भाषाविकासातला दोष, वाचनदोष आणि बौद्धिक क्षमता यांचा विचार व्हावा लागतो. एका माणसाने हे सगळे ठरवणे योग्य नाही. श्रवणतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ तिघांचे मत लागते.

मराठी घरांत आणखी एक गोष्ट तपासायला हवी. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची, असे असेल तर गोंगाटात इंग्रजी नीट न कळणे हे दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्या कोणत्याही माणसाचे होते. तो विकार नव्हे. अशा मुलाला मराठीत, त्याच गोंगाटात ऐकवून पाहिले आणि तिथे ते सहज उतरले, तर प्रश्न भाषेच्या सरावाचा आहे. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचीही हीच तपासणी उलट्या बाजूने करावी लागते.

प्रत्यक्ष चाचणी साधारण सात वर्षांपुढे करतात. त्याआधी चेतामार्ग इतके अपक्व असतात आणि मुलांमुलांत इतका फरक असतो की आकड्यांवर विसंबता येत नाही. आवाजबंद खोलीत मुलाच्या कानांवर हेडफोन चढवलेला असतो, काचेपलीकडे श्रवणतज्ज्ञ. उजव्या कानात 'दोन, नऊ' आणि त्याच क्षणी डाव्या कानात 'पाच, सात'. मुलाने चारही अंक सांगायचे, क्रम कसाही चालेल. एक मूल 'दोन, नऊ… पाच' म्हणून थांबते आणि पुढच्या जोडीला पुन्हा उजव्या कानातले दोनच सांगते. वीस जोड्या झाल्यावर उजव्या कानाचा रकाना भरलेला आणि डाव्याचा निम्मा रिकामा दिसतो. दुसऱ्या चाचणीत सततच्या खरखरीत मध्येच क्षणभर शांतता येते. ती जाणवली की बटण दाबायचे. बहुतेक मुलांना ५-६ मिलिसेकंदांची फटही कळते. तिसऱ्यात बारीक आणि जाड स्वरांचे त्रिकूट ऐकून 'बारीक, बारीक, जाड' असे सांगायचे, चौथ्यात गोंगाटातले शब्द ओळखायचे. मूल कंटाळले, झोपाळले किंवा घाबरले तर यांतला एकही आकडा खरा नसतो. म्हणून चांगला तज्ज्ञ मध्ये सुट्टी देतो, वेळ पडल्यास दुसऱ्या दिवशी बोलावतो.

भारतात या विषयावर सर्वांत जुने आणि सलग काम म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत झाले. ही संस्था १९६०च्या दशकात स्थापन झाली. तिथे आशा यथिराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना भरता येईल अशी १२ प्रश्नांची यादी आणि शाळेतच घेता येईल अशी छोटी चाळणी-चाचणी तयार केली. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाक्-श्रवणाच्या क्षेत्रात काम करते. चाचणीतले शब्द मुलाच्या भाषेतले असावेत, हा आग्रह पालकांनी जरूर धरावा. परक्या भाषेतल्या ध्वनिमुद्रणावर कमी गुण मिळाले तर त्यातून मुलाच्या श्रवणाविषयी काही कळत नाही.

निदानाबाबत शास्त्रज्ञांतच एकमत नाही, आणि हे पालकांपासून लपवू नये. डेव्हिड मूर यांच्या गटाने ब्रिटनमध्ये ६ ते ११ वर्षांच्या १,४६९ मुलांची तपासणी करून २०१० मध्ये निष्कर्ष मांडला की ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध कानाच्या बारीक क्षमतांपेक्षा अवधान आणि आकलनाशी अधिक जुळतो. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात वेन विल्सन आणि वेंडी आर्नॉट यांनी तपासणीसाठी आलेल्या १५० मुलांच्या एकाच नोंदींना नऊ वेगवेगळे निकष लावले. विकार असलेल्यांचे प्रमाण निकषागणिक ७.३ टक्क्यांपासून ९६ टक्क्यांपर्यंत बदलले. एकाच मुलाला एका दवाखान्यात विकार 'आहे' आणि दुसऱ्यात 'नाही' असे सांगितले जाऊ शकते, ते यामुळे. अहवालातल्या शिक्क्यापेक्षा त्यातल्या तपशिलाला महत्त्व द्यावे. कोणत्या कानाने, कशा गोंगाटात, कोणत्या प्रकारचे ऐकणे अडते, हे त्यात लिहिलेले असेल तर मदत कुठून सुरू करायची ते कळते. आणि स्वच्छ आवाजाची गरज अवधानदोष असलेल्या मुलालाही असते, भाषादोष असलेल्यालाही, सर्दीने कान दडलेल्यालाही. त्यासाठी अंतिम निदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

वर्गातला आवाज हा या सगळ्याचा गाभा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. शिक्षकाचे बोलणे एक मीटरवर ६५ डेसिबल धरले, तर दोन मीटरवर ते ५९, चार मीटरवर ५३ आणि आठ मीटरवर, म्हणजे शेवटच्या बाकाशी, ४७ उरते. पंखा, रस्ता आणि शेजारचा वर्ग मिळून ५० डेसिबलचा गोंगाट असेल तर शेवटच्या बाकावर थेट येणारे बोलणे गोंगाटाच्या खाली बुडालेले असते. मुलांना बोलणे गोंगाटापेक्षा १५ डेसिबलने वरचढ मिळावे, असा अमेरिकेतील मानकाचा हेतू आहे. त्यासाठी २००२ पासून रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा आणि साधारण आकाराच्या वर्गातला घुमारा ०.६ सेकंदापेक्षा जास्त नसावा असे तिथे ठरलेले आहे. घुमारा म्हणजे आवाज थांबल्यावर भिंतींवरून परतत राहणारे त्याचे अवशेष. ते पुढच्या अक्षरावर येऊन पडतात आणि 'खा'मधला हवेचा झोत, 'स'मधली सळसळ झाकून टाकतात. मोठ्याने बोलल्याने घुमारा कमी होत नाही, तोही तेवढाच मोठा होतो. घसा ताणणाऱ्या शिक्षकाचे श्रम वाया जातात ते इथे.

आपल्याकडच्या वर्गाची फरशी शहाबादी किंवा टाइल्सची, भिंती गिलाव्याच्या, वर काँक्रीटचा स्लॅब किंवा पत्रा. सगळे पृष्ठभाग कडक. ते बदलण्याचा खर्च शाळेला झेपत नसला, तरी त्यांवर मऊ काही आणता येते. मागच्या भिंतीवर जाड सतरंजी किंवा जुनी गोधडी टांगावी, तिच्यावरच मुलांची चित्रे लावावीत. रस्त्याकडच्या खिडक्यांना जाड पडदे लावावेत. बाकांच्या लोखंडी पायांना रबरी बुचे बसवली की सरकवण्याचा किरकिराट थांबतो. खडखडणाऱ्या पंख्याचे बेअरिंग बदलणे ही श्रवणमदतच आहे, आणि ती साऱ्या वर्गाला मिळते. कोकणात पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू जात नाही; अशा वेळी बोलणे थांबवून फळ्यावर लिहिणे हेच शहाणपण.

मुलाची जागा ठरवताना नुसते 'पुढे बसवा' पुरेसे नाही. पहिल्या बाकावरून शिक्षकाच्या तोंडाकडे मान उंचावून बघावे लागते आणि मागे काय चालले ते दिसत नाही. दुसरा बाक, पंखा व दारापासून दूर, शिक्षक जिथे जास्त वेळ उभे राहतात त्या बाजूला, ही जागा चांगली. एका कानाची कामगिरी सरस असेल तर तो कान शिक्षकाकडे यावा. शेजारी शांत मुलगा किंवा मुलगी असावी, जिच्या वहीतून राहिलेले वाक्य पाहून घेण्याची उघड परवानगी असेल.

बोलण्याची पद्धत बदलायला पैसा लागत नाही, पण सवय मोडावी लागते. आधी मुलाचे नाव घ्यावे, त्याने बघितले की मग बोलावे. एका वाक्यात एक सूचना. दोन वाक्यांमध्ये श्वासभर थांबावे. या थांबण्यात मुलाचा मेंदू मागचे वाक्य पुरे करून घेतो. आवाज नेहमीचाच ठेवावा. ओरडले की स्वर फुगतात आणि व्यंजने बुडतात, आणि मुलाला खरी गरज व्यंजनांची असते. एकदा सांगून कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगावे. 'समजले का?' या प्रश्नाला सगळा वर्ग सुरात 'हो' म्हणतो आणि हे मूलही त्यात असते. त्यापेक्षा 'आता काय करायचे, तू सांग' असे हळूच विचारावे. नवे शब्द धड्याच्या आदल्या दिवशी लिहून द्यावेत. ओळखीचा शब्द गोंगाटातूनही पकडता येतो, कधीच न ऐकलेला येत नाही. गृहपाठ फळ्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात रोज लिहिलेला असावा.

घरी सर्वांत आधी टीव्हीचा आवाज. कोणी बघत नसताना चालू राहिलेला टीव्ही संध्याकाळभर मुलाचे ऐकणे खात असतो. महत्त्वाचे बोलणे कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर, त्याच खोलीत, समोर बसून व्हावे. 'अहो, याला सांगा हो' अशी आतल्या खोलीतून मारलेली हाक त्याच्यासाठी निव्वळ आवाज असते. एक घर असे करते: आई फ्रिजच्या दारावर रोज तीन चित्रे लावते, डबा, बाटली, वही. सकाळच्या गडबडीत तोंडाने काही सांगायचेच नाही, फक्त चित्राकडे बोट दाखवायचे. सकाळचे भांडण त्या घरात बंद झाले आहे.

वर्गातले अंतर आणि गोंगाट एकदम ओलांडणारे साधन म्हणजे दूरस्थ मायक्रोफोन. शिक्षकाच्या कॉलरला छोटा माइक, मुलाच्या कानात हलका ग्राहक. शिक्षकाचा आवाज जणू वीतभर अंतरावरून येतो. साध्या श्रवणयंत्राची गोष्ट वेगळी. ते बोलण्याबरोबर गोंगाटही मोठा करते. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस यांच्या गटाने वाचनदोष असलेल्या मुलांना वर्षभर अशी साधने वर्गात वापरायला दिली आणि आवाजाला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद अधिक स्थिर झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. साधन महाग असते, म्हणून आधी काही आठवडे वापरून पाहावे. शिक्षक सुट्टीत माइक बंद करायला विसरले तर स्टाफरूममधल्या गप्पा मुलाच्या कानात जातात, म्हणून ते बटण कुठे आहे हे पहिल्याच दिवशी दाखवावे. आणि वर्गात ते काय आहे हे सर्वांना सांगून टाकावे. चष्म्याचे जसे कोणाला काही वाटत नाही तसे पंधरा दिवसांत याचेही वाटेनासे होते.

आता सराव. डावा कान मागे पडलेल्या मुलाला दोन्ही कानांत वेगळे शब्द ऐकवतात, पण उजव्या कानाचा आवाज मुद्दाम कमी ठेवून. डावा जमू लागला की उजवा हळूहळू चढवतात. दिशेचा हिशेब कच्चा असलेल्यांसाठी सिडनीच्या राष्ट्रीय श्रवण-प्रयोगशाळेत शॅरन कॅमेरन आणि हार्वे डिलन यांनी संगणकावरचा खेळ बनवला. रोज थोडा वेळ, आठवड्यातून पाच दिवस, सुमारे दहा आठवडे तो खेळला की बाजूच्या बडबडीतून समोरचे बोलणे वेगळे काढणे सुधारते, असे त्यांच्या अभ्यासांत दिसले. नेमका दोष, नेमका सराव आणि मोजता येणारा बदल, अशा सरावावर वेळ घालवणे योग्य. याउलट ऐकण्याचा कोणताही त्रास, वाचनही आणि एकाग्रताही एकाच कार्यक्रमाने बरी करण्याचे आश्वासन जिथे मिळते तिथे सावध व्हावे. १९९०च्या दशकात मोठा गाजावाजा झालेल्या फास्ट फॉरवर्ड या संगणकी सरावाचा भाषेवर किंवा वाचनावर खात्रीचा परिणाम होत नाही, असे २०११ मधल्या एकत्रित परीक्षणात आढळले. गाळलेले संगीत ऐकवणाऱ्या 'ऑडिटरी इंटिग्रेशन' उपचाराला पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे अमेरिकेच्या वाक्-श्रवण संघटनेने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे.

घरच्या सरावाला खेळ पुरतात. 'चिमणी भुर्र, कावळा भुर्र, म्हैस भुर्र' या खेळात नेमके ऐकून हात थांबवावा लागतो. आधी शांत खोलीत खेळावा, मग बारीक रेडिओ लावून, मग थोडा मोठा करून. कार-खार-गार-घार अशा शब्दांची चित्रे मांडून ऐकेल ते उचलायला सांगावे. टाळ्यांचा ठेका धरून तसाच परत वाजवायला लावावा. तबल्याचे बोल म्हणण्यात ही कामे आपोआप होतात, आणि मुलाला आवड असेल तर तबला जरूर शिकवावा, उपचार म्हणून नव्हे, आनंद म्हणून. कानगोष्टींचा खेळ मात्र चारचौघांत नको. त्यात चूक कोणाच्या कानाशी झाली हे शोधून हसायचे असते, आणि ते बोट रोज याच्यावरच वळते.

मुलाला स्वतःचा त्रास शब्दांत सांगता येणे ही मदतीतली मोठी गोष्ट. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सांगता येते: तुझा कान चांगला आहे, बुद्धी चांगली आहे, गोंगाटात शब्द वेगळे काढायला मेंदूला जास्त वेळ लागतो. मग त्याला विचारण्याची रीत शिकवावी. नुसते 'काय?' म्हटले की समोरचा वैतागून सगळे पुन्हा सांगतो, नाहीतर 'जाऊ दे' म्हणतो. 'पान चाळीस म्हणालात की बेचाळीस?' असे विचारले की जेवढे कळले तेवढे दिसते आणि हवे तेवढेच उत्तर मिळते. गोंधळ वाढला तर जागा बदलून घ्यायची, हेही त्याला ठाऊक असावे. 'जाऊ दे, काही नाही' हे उत्तर घरातल्या कोणीही या मुलाला देऊ नये. ते वारंवार ऐकलेले मूल विचारणे सोडून देते.

सवलतींच्या बाबतीत कायदा तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एपीडी स्वतंत्रपणे नाही. श्रवणदोषाची पात्रता दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या ऱ्हासापासून सुरू होते. या मुलांचा आलेख तर निर्दोष असतो. विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत मात्र आकलनसंवेदनेच्या दोषांचा उल्लेख आहे, आणि ज्या मुलांना जोडीला वाचन-लेखनाचा दोष आहे त्यांना त्या वाटेने प्रमाणपत्र मिळू शकते. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना १९९६ पासून परीक्षेत सवलती आहेत, त्यांत जास्तीच्या वेळेचाही समावेश आहे. ज्यांना फक्त एपीडी आहे त्यांची भिस्त शाळेच्या समजूतदारपणावर राहते. शांत कोपऱ्यातली जागा, तोंडी सूचनांची छापील प्रत, श्रुतलेखनात एक जास्तीची फेरी, यांसाठी सरकारी आदेशाची गरज नाही आणि मुख्याध्यापकांनी त्या नाकारण्याचे कारणही नाही.

वय वाढते तसे चेतामार्ग पक्के होतात आणि काही मुलांचा त्रास किशोरवयापर्यंत बराच ओसरतो. काहींचा राहतो, मग कॉलेजात व्याख्यान ध्वनिमुद्रित करणे, टिपणे आधी मिळवणे, फोनवर बोलण्यापेक्षा लिहून कळवणे अशा वाटा ते स्वतः काढतात. शाळेत असेपर्यंत दर वर्ष-दीड वर्षाने पुन्हा चाचणी करावी, कारण गेल्या वर्षीचा कच्चा कान यंदा सुधारलेला असू शकतो आणि जागा बदलावी लागते. दर जूनमध्ये वर्गशिक्षक बदलतात आणि आधीच्या बाईंना वर्षभरात जे उमगले ते त्यांच्याबरोबर जाते. ते टिकवायला एक पान पुरते. बाक दुसरा, डावीकडचा. नाव घेऊन मग बोलावे. संख्या सांगताना फळ्यावर लिहावी. पाचव्या तासाला थकतो, तेव्हा तोंडी प्रश्न नकोत. 'काय?' म्हणाला तर शब्द बदलून सांगावे. हे पान पालकांनी शाळा सुरू होण्याच्या पहिल्या आठवड्यात नव्या शिक्षकांच्या हातात, शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा असताना, समोर बसून द्यावे.